स्वादुपिंडातील मूक शोथ : प्रथम प्रकारचा मधुमेह आणि प्रतिकारपेशींचे वर्तन

मधुमेह हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मध्यम वयाचा, स्थूल, बैठ्या व्यवसायाचा रुग्ण उभा राहतो. चिकित्सालयात येणारे बहुसंख्य मधुमेही याच प्रकारचे असल्याने हे स्वाभाविकही आहे. परंतु त्याच नावाखाली कधीतरी एखादे कृश, म्लान, सतत पाणी मागणारे बालक आपल्यापुढे येते. पालक सांगतात की महिनाभरात वजन झपाट्याने घटले. या बालकाचा व्याधी आणि त्या स्थूल गृहस्थाचा व्याधी यांत रक्तशर्करावृद्धी एवढेच साम्य आहे. संप्राप्ती सर्वस्वी भिन्न आहे. ही भिन्नता ध्यानात न घेता केलेली चिकित्सा बालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडामध्ये नेमके काय घडते, त्यात प्रतिकारपेशींचा वाटा कोणता आणि या ज्ञानाचा आपल्या व्यवहारावर काय परिणाम व्हावयास हवा, याचे विवेचन आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

द्वीपके आणि त्यांचा शोध

स्वादुपिंडाचा बहुतांश भाग पाचकस्राव निर्माण करतो. त्या विस्तीर्ण भागात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. जर्मन संशोधक पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची द्वीपके म्हणतात. प्रौढ व्यक्तीच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात. तरीही त्या सर्वांचे मिळून वजन संपूर्ण अवयवाच्या एक ते दोन टक्केच भरते. या द्वीपकांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. एवढ्याशा ऊतीवर सर्व शरीराचा शर्करा-व्यवहार अवलंबून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या नाशाचे गांभीर्य कळते.

१८८९ साली मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी श्वानाचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह झाला आणि या अवयवाचा व व्याधीचा संबंध सिद्ध झाला. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनयुक्त अर्क मिळविला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो प्रथम टोचण्यात आला. तत्पूर्वी या प्रकारच्या मधुमेहाचे निदान म्हणजे थोड्याच काळात येणारा मृत्यू, असेच समीकरण होते.

शोथ दिसला, पण उमगला नाही

द्वीपकांभोवती श्वेतपेशी जमलेल्या असल्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीच काही विकृतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले होते. १९४० साली फॉन मायेनबुर्ग यांनी या अवस्थेस ‘इन्सुलायटिस’ हे नाव दिले. आपण त्यास ‘द्वीपकशोथ’ म्हणू. परंतु दीर्घकाळ मधुमेह असलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडात तो सापडत नसे, म्हणून त्यास फारसे महत्त्व मिळाले नाही.

१९६५ साली बेल्जियममधील विली गेप्ट्स यांनी निदानानंतर अल्पकाळातच मृत्यू पावलेल्या तरुण रुग्णांच्या स्वादुपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत द्वीपकशोथ आढळला आणि बीटा पेशींची संख्या अत्यंत घटलेली दिसली. जुन्या रुग्णांत शोथ का दिसत नाही, याचेही उत्तर त्यातूनच मिळाले. ज्या द्वीपकांतील बीटा पेशी संपल्या, तेथून श्वेतपेशीही निघून जातात. जाळावयास काही उरले नाही की अग्नी विझतो, तसेच हे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शोथ म्हटले की आपणांस लाली, उष्णता, सूज व वेदना ही लक्षणे अपेक्षित असतात. संपूर्ण स्वादुपिंडाच्या शोथात पोटात तीव्र वेदना होतात. केरळसारख्या प्रदेशात आढळणाऱ्या, स्वादुपिंडात खडे होऊन उद्भवणाऱ्या मधुमेहातही पोटदुखीचा इतिहास पुष्कळदा मिळतो. द्वीपकशोथ मात्र मूक असतो. तो सर्व द्वीपकांत एकाच वेळी नसतो. एका खंडातील द्वीपके ग्रस्त तर शेजारच्या खंडातील निरोगी, असे चित्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. २०१३ साली तज्ज्ञांनी ठरविलेल्या व्याख्येनुसार किमान तीन द्वीपकांत, प्रत्येकी पंधरा वा अधिक श्वेतपेशी आढळल्यास द्वीपकशोथ मानावा, असे ठरले. एवढ्या थोड्या पेशींनी एवढा मोठा अनर्थ घडतो! रुग्णास ना वेदना, ना ज्वर.

कोणत्या पेशी, कोणते कार्य

द्वीपकशोथात सर्वाधिक संख्येने आढळतात त्या मारक टी पेशी. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवीत असते. हे तुकडे धारण करणाऱ्या रेणूंना एचएलए असे म्हणतात. पेशीत विषाणू शिरला असेल तर त्याचे तुकडे तेथे दिसतात आणि मारक टी पेशी ती पेशी नष्ट करते. ही व्यवस्था आपल्या रक्षणासाठीच आहे. प्रथम प्रकारच्या मधुमेहात मात्र बीटा पेशीने मांडलेले स्वतःच्याच प्रथिनांचे तुकडे शत्रू समजले जातात. त्यातच ग्रस्त द्वीपकांतील बीटा पेशींवर एचएलए रेणूंचे प्रमाण वाढलेले आढळते. म्हणजे ज्या पेशीवर हल्ला व्हावयाचा, तीच अधिक ठळकपणे दृष्टीस पडते. मारक पेशी परफोरिन व ग्रँझाइम ही द्रव्ये सोडून तिचा नाश करतात.

साहाय्यक टी पेशी या हल्ल्यास बळ देतात. भक्षक पेशी सायटोकाइन नावाची संदेशद्रव्ये स्रवतात. ती बीटा पेशींना प्रत्यक्ष अपाय करतात आणि अधिक श्वेतपेशींना बोलावितातही. बी पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. इन्सुलिन, गॅड, आयए-२ व झिंक-वाहक प्रथिन यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात तपासता येतात आणि निदानास त्यांचे मोठे साहाय्य होते. परंतु ही प्रतिपिंडे म्हणजे बीटा पेशींचे प्रमुख मारेकरी नव्हेत. जन्मतः बी पेशींचा तीव्र अभाव असलेल्या एका मुलासही हा मधुमेह झाल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली आहे. प्रतिपिंडे ही धुरासारखी आहेत. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण जाळतो तो अग्नीच.

वयानुसारही या शोथाचे स्वरूप पालटते. इंग्लंडमधील एक्सेटर येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की सात वर्षांखालील वयात व्याधी झालेल्या बालकांच्या द्वीपकांत बी पेशी विपुल असतात व बीटा पेशींचा नाश झपाट्याने होतो. तेरा वर्षांनंतर व्याधी झालेल्यांत बी पेशी थोड्या असतात आणि निदानसमयी बऱ्याच बीटा पेशी शिल्लक राहिलेल्या असतात. लहान बालकांत हा व्याधी अधिक आशुकारी का, याचे कारण यावरून समजते.

जुळ्या भावंडांचा पुरावा

दोष बीटा पेशींत की प्रतिकारव्यवस्थेत, या प्रश्नाचे अत्यंत बोलके उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा येथील शस्त्रक्रियांतून मिळाले. डेव्हिड सदरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांत त्यांच्या निरोगी एकबीज जुळ्या भावंडाच्या स्वादुपिंडाचा काही भाग रोपिला. दाता व ग्राहक यांची ऊती एकच असल्याने परकी ऊती म्हणून ती नाकारली जाण्याचा प्रश्न नव्हता. म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली नाहीत. आरंभी रक्तशर्करा सुधारली. परंतु थोड्याच आठवड्यांत मधुमेह परतला. रोपित भाग तपासता त्यात द्वीपकशोथ आढळला आणि बीटा पेशी तेवढ्या नष्ट झालेल्या होत्या. १९८४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी बीटा पेशी पुरविल्या तरी जुन्या स्मृतीच्या टी पेशींनी त्यांचाही घास घेतला. सारांश, केवळ ‘स्वादुपिंडास बल देणे’ या उपायाने हा व्याधी का हटत नाही, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

सहनशीलता का भंगते

आपल्याच ऊतींवर हल्ला करू शकणाऱ्या टी पेशी प्रत्येकाच्या शरीरात निर्माण होत असतात. त्यांपैकी पुष्कळशा थायमस ग्रंथीतच गाळल्या जातात. ज्या निसटतात त्यांना नियामक टी पेशी आवरून धरतात. या नियामक पेशींवरील मूलभूत संशोधनासाठी साकागुची, ब्रंकोव व रॅम्सडेल यांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ज्या बालकांत या पेशींचे नियमन करणाऱ्या फॉक्सपी३ या जनुकातच दोष असतो, त्यांना पुष्कळदा तान्हेपणीच मधुमेह जडतो. लगाम नसेल तर अश्व कोठे जातो, हे निसर्गानेच दाखविले आहे.

अनुवंश हे एक कारण आहे, पण एकमेव नव्हे. एचएलएचे डीआर३ व डीआर४ हे प्रकार धोका वाढवितात. तथापि बहुसंख्य बालरुग्णांच्या आईवडिलांस वा भावंडांस हा व्याधी नसतो. आंत्रविषाणूंचा, विशेषतः कॉक्सॅकी-बी गटाचा, संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पालकांनी मुलास गोड फार खाऊ घातले म्हणून हा व्याधी झाला, असे मात्र मुळीच नाही. आपल्याकडे आलेल्या मातेच्या मनावरील हे ओझे उतरविणे हेही आपले कर्तव्य आहे.

२०१५ पासून या व्याधीच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत दोन वा अधिक प्रतिपिंडे असतात, रक्तशर्करा प्राकृत असते. दुसरीत शर्करेचे नियमन बिघडू लागते, पण लक्षणे नसतात. तिसरीत लक्षणे प्रकट होतात. ज्या बालकांत दोन वा अधिक प्रतिपिंडे आढळली, त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के बालके दहा वर्षांत मधुमेही झाल्याचे २०१३ सालच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आपणांस जो व्याधी आठवड्यांत उद्भवलेला वाटतो, तो आत कित्येक महिने वा वर्षे धुमसत असतो.

आयुर्वेदाच्या दृष्टीने

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिला रुग्ण कृश, रूक्ष, अल्पाशी व तृषार्त. दुसरा स्थूल, बह्वाशी व आसनप्रिय. चरकाचार्यांनीही स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असा भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले. दोन भिन्न रुग्णांना एकच चिकित्सा नको, हा विवेक आपल्या परंपरेने फार पूर्वी शिकविला आहे. तथापि सहज प्रमेह म्हणजेच प्रथम प्रकारचा मधुमेह, असे सरळ समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. सहज प्रमेहात बीजदोष अभिप्रेत आहे. येथे बालक बहुधा प्राकृत बीटा पेशींसह जन्मते आणि त्या पुढे नष्ट होतात.

याहून महत्त्वाचा विचार व्याधिक्षमत्वाचा आहे. चक्रपाणींनी त्याचे दोन अर्थ सांगितले : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध करणे. आज बाजारात ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून जे जे विकले जाते, त्यामागे ही शक्ती केवळ कमी-अधिक होते, अशी कल्पना असते. प्रस्तुत व्याधीत ती शक्ती कमी नसून दिशाभ्रष्ट झालेली आहे. तिला अधिक उत्तेजन देणे हा उपाय असू शकत नाही. आधुनिक संशोधनाचा अनुभवही हाच आहे. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध देऊन काही नव्या रुग्णांचे इन्सुलिन काही काळ सुटले. परंतु औषध थांबविताच लाभ ओसरला आणि वृक्कांवर दुष्परिणाम दिसले. २०१९ साली टेप्लिझुमॅब या टी पेशींवर कार्य करणाऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या अवस्थेतील ७६ व्यक्तींत चौदा दिवसांच्या एका उपचाराने तिसरी अवस्था येण्यास लागणारा मध्यम काळ २४.४ महिन्यांवरून ४८.४ महिन्यांवर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. व्याधी बरा झाला नाही, लांबला. आणि तोही प्रतिकारपेशींना आवर घातल्याने.

गुडूचीसंबंधी येथे दोन शब्द लिहिणे अपरिहार्य आहे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुडूचीसेवनानंतर आत्मप्रतिकारक स्वरूपाचा यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन वनस्पतीची ओळख निश्चित केली नसल्याचे म्हटले. वाद बाजूस ठेवला तरी एवढे निश्चित की ज्या बालकाची प्रतिकारपेशी स्वतःच्याच ऊतीवर उलटली आहे, त्यास प्रतिकारशक्तिवर्धक म्हणून कोणतेही द्रव्य दीर्घकाळ देण्यापूर्वी वैद्याने शतवार विचार करावा.

‘मधुचंद्राचा काळ’ आणि भ्रामक यश

आता आम्ही सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळतो. इन्सुलिन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांतच अनेक रुग्णांची इन्सुलिनची गरज लक्षणीय घटते. उरलेल्या बीटा पेशींवरील ताण हलका होतो आणि त्या पुन्हा काही प्रमाणात काम करू लागतात. हा काळ काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभरही टिकतो. आधुनिक वैद्यकात त्यास ‘मधुचंद्राचा काळ’ म्हणतात.

नेमक्या याच काळात पालक आपल्याकडे येतात. आपण औषध देतो, इन्सुलिनची मात्रा घटत जाते आणि श्रेय औषधास मिळते. पुढे कोणी तरी उत्साहाने इन्सुलिन बंद करते. द्वीपकशोथ मात्र आत चालूच असतो. उरलेल्या पेशी संपतात, रक्तात कीटोन साचतात आणि बालक बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचते. काही वेळा पोहोचतही नाही. यश व अपयश यांचा न्याय करताना व्याधीचा नैसर्गिक क्रम ठाऊक नसेल, तर प्रामाणिक वैद्यही फसतो.

मेषशृंगी अर्थात गुडमार या वनस्पतीचे उदाहरण बोधप्रद आहे. १९९० साली चेन्नई येथील संशोधकांनी इन्सुलिनवर असलेल्या २७ रुग्णांना तिच्या पर्णांचा अर्क प्रतिदिनी ४०० मिलिग्रॅम दिला व इन्सुलिनची गरज घटल्याचे नोंदविले. ते रुग्ण इन्सुलिनवरच होते, अर्क त्याच्या जोडीस दिला होता. ‘गुडमारने इन्सुलिन सुटते’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट, शर्करा घटविणारे द्रव्य इन्सुलिनबरोबर देताना शर्करा अतिशय उतरण्याचा धोका ध्यानी घेऊन वारंवार तपासणी करावयास हवी. बीटा पेशींकडून इन्सुलिन स्रवविणारे द्रव्य त्या पेशीच उरल्या नसतील तर निष्फळ ठरणार, हे तर उघडच आहे.

व्यवहारात काय करावे

१. बालकास वा तरुणास अतितृषा, बहुमूत्रता व वजनघट असल्यास त्याच भेटीत ग्लुकोमीटरने रक्तशर्करा पाहावी. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा तसे करू लागल्यास तीही सूचना समजावी. लक्षणांसह रक्तशर्करा २०० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास निदान स्पष्ट आहे. ‘उद्या उपाशीपोटी तपासू’ असे म्हणू नये.

२. वांती, पोटदुखी, दीर्घ व जोराचा श्वास, श्वासास गोडसर फळासारखा वास, तंद्रा ही कीटोनजन्य अम्लतेची लक्षणे होत. यांस कृमी, अजीर्ण वा श्वास समजून औषध देण्यात वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

३. प्रथम प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन कोणत्याही कारणाने बंद करू नये. मात्रेत फेरफार उपचार करणाऱ्या मधुमेहतज्ज्ञाच्या संमतीनेच व्हावा. ज्वर वा अल्पाहार असतानाही इन्सुलिन पूर्णतः थांबविता येत नाही, हे पालकांस समजावून द्यावे.

४. अशा रुग्णास वमन, विरेचन वा दीर्घ लंघन देऊ नये.

५. कृश प्रौढ रुग्णात तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांनी शर्करा आटोक्यात येत नसल्यास गॅड प्रतिपिंडांची तपासणी सुचवावी. हा व्याधी प्रौढ वयातही मंदगतीने होऊ शकतो.

६. औषधी-दुकानांच्या चालकांनी न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये व गोठलेले विकू नये. घरी शीतकपाट नसलेल्या ग्राहकास मातीच्या ओल्या मडक्याचा उपाय सांगावा.

७. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार निषिद्ध आहे. असे फलक दुकानात लावू नयेत. इन्सुलिन घेण्यास आलेल्या पालकास ‘याऐवजी हे घ्या’ असे सुचविणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

मग आपले स्थान कोणते, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते ते मोठे आहे. खेड्यापाड्यांतून असे बालक प्रथम वैद्याकडेच येते. त्याचे निदान वेळेवर होणे हे बहुधा आपल्या हाती असते. आहारविधी, दिनचर्या, जखमांची काळजी आणि आयुष्यभर टोचून घ्यावे लागणार म्हणून खचलेल्या कुटुंबाचे मनोबल या सर्व बाबतींत वैद्याचा शब्द मोलाचा ठरतो. इन्सुलिन हे या बालकाच्या शरीरातून हरवलेले द्रव्यच आहे. ते बाहेरून देणे म्हणजे क्षीण झालेल्या भावाचे पूरण करणे होय. त्यात आपल्या शास्त्राचा पराभव मुळीच नाही. द्वीपकांतील तो मूक शोथ थांबविण्याचा उपाय आज कोणत्याही वैद्यकाच्या हाती पूर्णपणे आलेला नाही. तो येईपर्यंत बालक सुखरूप राहील याची दक्षता घेणे हा आपल्या सर्वांचा समान धर्म आहे, आणि वाचक वैद्यबंधू-भगिनी व औषधी-व्यावसायिक तो निष्ठेने पाळतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.